विहिणींची वीण

"आई, अश्विनीच्या मम्मी गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. तुझं एप्रिलचं तिकीट जरा अलीकडे घेता येतं का, ते बघतोय मी."

माझ्या मुलाने, मंदारने, अमेरिकेतून ही तीन वाक्यं एका दमात सांगितली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये एक अख्खं माणूस निघून गेलं होतं, पण मंदारने तिथे श्वाससुद्धा घेतला नाही. इथे पुण्यात संध्याकाळ होती. मी दुसऱ्या दिवसासाठी मेथी निवडत बसले होते. "बघते," असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. मग लक्षात आलं की देठ भांड्यात गेले होते आणि पानं कागदावर. मंदारवर रागवावं की रडावं हे ठरेना, तेव्हा मी ती पानं पुन्हा वेचत बसले. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच प्रश्न होता. अश्विनीच्या मम्मींची, म्हणजे कमलताईंची, अर्धी राहिलेली पाळी मी जाऊन पुरी करायची की नाही?

'पाळी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कारखान्यातली असते ना, तीच. कमलताई माझी विहीण. त्यांची अश्विनी आणि माझा मंदार वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकत्र शिकले, एकत्र परदेशी गेले आणि अमेरिकेतल्या बर्फाच्या एका गावात त्यांनी घर केलं. आम्ही दोघीही नवऱ्यामागे राहिलेल्या. म्हणजे मुलांच्या मते दोघीही मोकळ्या. रेवा झाली, मग तिचा धाकटा भाऊ ईशान झाला आणि आमचं वेळापत्रक लागलं. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येतं, म्हणून सहा महिने एक आजी, सहा महिने दुसरी. मला दमा आहे, म्हणून उन्हाळा माझ्याकडे आणि हिवाळा कमलताईंकडे, ही वाटणी मंदारने संगणकावर रंगीत चौकोन करून आम्हाला पाठवली होती. माझा रंग पिवळा, त्यांचा निळा. दोन रंग कुठेही एकमेकांवर चढत नव्हते, कारण पाहुण्यांची खोली एकच. अशा रीतीने शनिवार पेठेतली मी आणि वाघोलीतल्या कमलताई कितीतरी वर्षं एकाच शहरात राहत होतो आणि एकाच वेळी त्या शहरात कधीही नव्हतो.

सुरुवातीला आमचं काही फार गूळपीठ नव्हतं. लग्नाच्या बैठकीत आमच्याकडची मंडळी गंभीर चेहऱ्याने बोलत होती आणि कमलताई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चक्क स्वेटर विणत होत्या. आमच्या पेठेत असल्या वेळी सुपारीसुद्धा विचारून कातरतात. माझ्या जाऊबाई शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, तुमचं लक्ष आहे ना?" त्यावर मान वर न करता कमलताई म्हणाल्या, "हाय की. मानपानाचं तुम्ही दोनदा बोलला. तारखेचं अजून कुणीच बोललं न्हाई." तारीख पाच मिनिटांत ठरली. जाऊबाईंनी त्यांना पुढे कधीच माफ केलं नाही, मला मात्र त्या बाईविषयी त्याच दिवशी जरा बरं वाटू लागलं.

विणायला त्या खडकवासल्याला शिकल्या. त्यांचे यजमान तिथल्या लष्करी वसाहतीत ड्रायव्हर होते. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडच्या बायका दुपारी उन्हात सतरंजी टाकून विणत बसायच्या. कमलताईंना त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना कमलताईंची. पण सुलट टाका आणि उलट टाका शिकायला भाषा लागत नाही. त्या सतरंजीवरची दुपार ही त्यांची सुखाची व्याख्या होती. पाठीवर ऊन, मांडीवर लोकर, शेजारी कोणीतरी, आणि बोललंच पाहिजे असं काही नाही. पुढे वाघोलीला घर झालं, त्याला गच्ची होती. गच्चीवर हिवाळ्यात दुपारभर ऊन असतं, हे त्या मला दर भेटीत सांगायच्या. आणि हिवाळा आला की त्या विमानात बसायच्या. विणकाम करणाऱ्या बाईला पुण्याची थंडी मिळू नये, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. रंगीत चौकोनांत ऊन दाखवायची सोय नसते.

त्यांचा पहिला विमानप्रवास अश्विनीच्या पहिल्या बाळंतपणाचा. बाळंतविडा त्यांनी स्वतः विणायला घेतला होता. झबलं झालं, मोजे झाले, टोपडं तेवढं सुईवर होतं. त्यांची एक पद्धत होती. मूल हाती आल्याशिवाय शेवटची ओळ बंद करायची नाही. बाकी सगळं विणून तयार ठेवायचं, पण टाके सुईवर उघडेच ठेवायचे. ही पद्धत त्यांच्या माहेरची, सासरची की त्या सतरंजीवरची, हे मी विचारलं होतं. "कुणाची का असंना, माझी हाय," असं उत्तर मिळालं. तर ते टोपडं, स्टीलच्या लांब सुयांसकट, हातातल्या पिशवीत घालून बाई मुंबईच्या विमानतळावर गेल्या. सुरक्षा तपासणीला पिशवी बाजूला काढली गेली. वर्दीतल्या बाईंनी हिंदीत विचारलं, आत काय आहे?

"सुई है," कमलताई म्हणाल्या.

"इंजेक्शन की?"

कमलताईंना ते नीट ऐकू आलं नाही, त्यांना वाटलं, ही कोणासाठी म्हणून विचारतेय. त्या म्हणाल्या, "बच्चे के वास्ते."

"बच्चा कहाँ है? बीमार है क्या?"

"बीमार काय को? अभी पैदा होना है."

आपल्याकडे टोचायची ती सुई आणि विणायची तीही सुईच. हा घोळ निस्तरेपर्यंत आणखी दोन वर्दीवाले येऊन उभे राहिले. शेवटी पिशवीतून लांबलचक स्टीलच्या सुया निघाल्या तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं आणि त्या जप्त झाल्या. कमलताईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "सुया तुमच्या, टाके माझे. टाके काढून घेऊ द्या." मग त्यांनी पिशवीतून परकराची नवी नाडी काढली, टोकाला सेफ्टी पिन अडकवली आणि तिथे टेबलाशी उभं राहून एकेक टाका सुईवरून नाडीवर ओवायला सुरुवात केली. मागे रांग तुंबली. कोणी सुटाबुटातला गृहस्थ कुरकुरला की बाई, विमान सुटेल. त्याला त्यांनी सांगितलं, "मला बी त्याच विमानात जायचंय." एकही टाका न गळता टोपडं नाडीवर चढलं, नाडीला गाठ बसली आणि बाई विमानात चढल्या. रेवा जन्मली तेव्हा त्या अजून हवेतच होत्या. अश्विनीच्या दवाखान्यातल्या खोलीत त्यांनी नवीन सुया मागवून घेतल्या आणि बाळाला एकदा मांडीवर घेऊन, मग ती शेवटची ओळ बंद केली. ही गोष्ट त्या मला प्रत्येक वेळी नव्याने सांगायच्या आणि मी प्रत्येक वेळी नव्याने हसायचे.

त्यानंतर त्या या विषयात पुरत्या तयार झाल्या. स्टील घरी ठेवायचं. बांबूच्या, मधे वायरने जोडलेल्या गोल सुया न्यायच्या. त्या आखूड असतात, शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर जात नाही, एक सुई पडली म्हणून सीटखाली वाकावं लागत नाही, आणि तपासणीवाल्यांना त्या शस्त्रासारख्या दिसत नाहीत. तरीही कुठे कोण काय काढून घेईल याचा नेम नाही, म्हणून नाडी कायम सोबत. कात्री नाही. त्याऐवजी दात साफ करायच्या दोऱ्याची डबी, तिला इवलंसं पातं असतं, त्यावर लोकर तुटते. काळी-निळी लोकर विमानात घ्यायची नाही, कारण दिवे मंद केले की टाके दिसत नाहीत. जाळीचं नक्षीकाम घ्यायचं नाही, कारण विमान हललं की मोजणी चुकते. साधं सुलट-उलट घ्यायचं. गुंडा बटव्यात ठेवायचा आणि बटवा पायांत. एकदा त्यांचा गुंडा सुटून पार पुढच्या पडद्यापर्यंत गेला होता आणि लोकांनी तो हातोहात परत पाठवला होता, तेव्हापासून बटवा. "विमानात सगळी झोपतात नाहीतर पिक्चर बघतात," त्या म्हणायच्या, "मला भ्या वाटतं म्हणून मी विणते. हातात वीण असली की आपन कुठं लटकलोय ते ध्यानात येत न्हाई." त्यांना विमानाची भीती वाटायची. अखेरपर्यंत वाटायची. हे त्यांनी अश्विनीला कधी सांगितलं नाही, आणि अश्विनी म्हणायची, मम्मीला ना, फ्लाइट फार आवडते, निवांत विणत बसते.

आमची खरी मैत्री झाली ती आखातातल्या एका विमानतळावर. मंदारने एकदा काटकसर म्हणा, नीटनेटकेपणा म्हणा, एकीचं जाणं आणि दुसरीचं येणं एकाच दिवशी घेतलं. विमानं बदलायची जागा एकच आली. मी पुण्याकडून गेलेली, त्या तिकडून परत आलेल्या. आम्हा दोघींसाठी मुलांनी चाकाची खुर्ची सांगून ठेवलेली होती. पाय आमचे ठणठणीत. पण खुर्चीवाला माणूस बरोबर असला की म्हातारी चुकत नाही, हे सगळ्या परदेशस्थ मुलांना ठाऊक असतं. मला त्या खुर्चीत बसायची भयंकर लाज वाटत होती. खुर्चीवाल्याने मला एका कोपऱ्यात नेऊन लावलं, हातगाडी लावतात तसं, आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "बसा ताई, लाजू नका. विंग्रजी येत न्हाई म्हणलं की पाय मोडलेत असंच धरायचं."

आम्ही दोघी अशा खुर्च्यांत शेजारी शेजारी बसून दीड-दोन तास बोललो. त्यांनी मला चार्ज दिला. मी जन्मभर सरकारी कचेरीत नोकरी केलेली, चार्ज देणं-घेणं मला कळतं, पण इतका व्यवस्थित चार्ज कोणी दिला नव्हता. रेवा भेंडी खात नाही, पण बारीक चिरून थालीपिठात घातली तर खाते. ईशानला रात्री खोकला आला तर उशी उंच करायची, औषध नाही. हिंग वरच्या फळीवर मागे सारलाय, कारण अश्विनीला वास चालत नाही. भांड्यांच्या मशीनचं दार जोरात लावलं तरच लागतं. आणि सगळ्यांत शेवटी त्यांनी बटव्यातून रेवाचा स्वेटर काढला. पाठ झाली होती, पुढचा भाग अर्धा सुईवर होता. म्हणाल्या, "हे बी घ्या. टाके उघडे हायत, संभाळा. तुमच्या सहा महिन्यांत जेवढं हुईल तेवढं करा, बाकीचं मी आल्यावर." मला विणकाम शाळेत शिकवलं होतं तेवढंच येत होतं. मी म्हटलं, अहो, माझा हात घट्ट आहे, तुमचा सैल, ते वेगळं दिसेल. "दिसू द्या," त्या म्हणाल्या. "कोन कधी हुतं ते तरी कळंल."

पुढच्या वेळेपासून आम्हीच आग्रह धरला की त्याच कंपनीचं, त्याच वाटेचं तिकीट हवं. कारण काय, तर तिथलं शाकाहारी जेवण बरं असतं. ते जेवण बरं नसतं. वर्षातून दोनदा, परक्या देशातल्या त्या कोपऱ्यात, आम्ही विहिणी भेटायचो आणि स्वेटर या हातातून त्या हातात जायचा. मुलं वाढत होती, त्यामुळे तो पुरा होण्याआधीच लहान व्हायचा. मग उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची, आणखी एखादा गुंडा मिळवायचा आणि पुन्हा टाके घालायचे. मुलांना त्याचं काय? त्यांच्याकडे फुगीर जाकिटं होती. एकदा मात्र कमलताईंनी हट्टाने तो संपवला आणि रेवाला घातला. दोन दिवसांनी अश्विनीने तो यंत्रात गरम पाण्यात धुतला आणि गरम हवेत वाळवला. बाहेर आला तो वीतभर, घट्ट, लोकर दाबून करतात त्या नमद्यासारखा. अश्विनी म्हणाली, "सॉरी गं मम्मी, पण इथे हे असलं मेंटेन नाही करता येत." कमलताईंनी तो रेवाच्या बाहुलीला घालून बघितला. बरोबर बसला. हे मला सांगताना त्या हसत होत्या, मला मात्र हसू आलं नाही.

मला राग येतो. इथे तो लपवायचं काही कारण नाही. आम्ही त्या घरात कोण होतो, हे रेवाच्या बोलण्यात स्वच्छ दिसायचं, लहान मुलं खोटं कशाला बोलतील? ती घरात असलेल्या बाईला 'आजी' म्हणायची आणि नसलेल्या बाईला 'दुसरी आजी'. मी तिथे असले की मी आजी आणि कमलताई दुसरी आजी. मी विमानात बसले की त्या आजी व्हायच्या आणि मी दुसरी. नावं नव्हतीच. एकदा व्हिडिओवर तिने मला विचारलं, "दुसरी आजी, तू कधी आजी होणार?" सगळे खूप हसले. मंदारने तर ते चार लोकांना पाठवलं. मला त्या पोरीचा राग नाही आला, ती बिचारी बरोबरच बोलली. जागा एक आणि तिच्यावर बसणाऱ्या दोन.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही शेवटचं भेटलो. मी परत येत होते, त्या निघाल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. जिना चढताना धाप लागते म्हणाल्या, डॉक्टरांनी वयोमान म्हणून सांगितलं होतं. मी चार्ज द्यायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"ताई, या टायमाला जीव होत न्हाई जायला."

"मग सांगायचं ना अश्विनीला."

"ती इचारती कुठं? ती म्हणती, मम्मी, तुझं तिकीट काढलंय. त्यात इचारायचं काय ऱ्हातंय?"

"मी बोलू मंदारशी?"

"नगं. पोरीचा संसार हाय, तिच्या जिवाला घोर नगं." मग त्या जरा वेळ बटव्याशी चाळा करत बसल्या. "पन ताई, पुढच्या हिवाळ्यात न्हाई जायचं. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई. काय व्हायचं ते हुंद्या. माझ्या गच्चीवर येऊन बसा. सतरंजी माझी, चहा माझा. तुमी नुसतं बसा... विणलं न्हाई तरी चालंल."

मी म्हटलं, नक्की. खुर्चीवाले आले. एकाने त्यांना डावीकडे नेलं, दुसऱ्याने मला उजवीकडे. मागे वळून बघावं तर त्या खुर्च्यांची पाठ उंच असते, काही दिसत नाही. त्यांचा वर केलेला हात तेवढा दिसला.

जानेवारीत त्या गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. आदल्या दिवशी त्यांनी मुलांना थालीपीठ घालून जेवू घातलं होतं, भांडी यंत्रात लावली होती, दार जोरात लावलं होतं. दहन तिकडेच झालं. मंदार म्हणाला, सगळं फार डिग्निफाइड झालं, मोजके लोक होते, भटजी स्क्रीनवर होते. वाघोलीत भावकी आहे, खडकवासल्याच्या जुन्या मैत्रिणी आहेत, मी आहे. त्यांतलं कोणी नव्हतं. मग फेब्रुवारीत अश्विनी अस्थी घेऊन आली. हातातल्या सामानात आणल्या होत्या. मी तिला विचारलं, तपासणीला काही अडचण आली का? म्हणाली, नाही, आई, कागद दाखवला, त्यांनी पिशवी उघडायलासुद्धा लावली नाही, मुंबईत एकाने तर हात जोडले. जिवंतपणी त्या बाईला अशाच तपासणीत बाजूला काढून, पिशवी उपडी करून, तुझ्याकडे टोकदार काय आहे म्हणून विचारलं. आणि आता हात जोडले.

तुळापूरला संगमावर आम्ही अस्थी सोडल्या. माझ्या घरी आल्यावर मी चहा टाकला आणि अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने तिकिटाचा विषय काढला नसता तर मी तिला जवळ घेतलं असतं.

"आई, तुम्ही माझ्याबरोबरच चला ना. एकाच विमानात जाऊ, तुम्हाला सोबत होईल."

"मी येणार नाही, अश्विनी."

"म्हणजे एप्रिलमध्येच याल?"

"एप्रिलमध्येही नाही."

हे उत्तर वेळापत्रकात नव्हतं. मग तिने जे विचारलं ते तिच्या आईसारखं थेट होतं. "मम्मी तुमच्याशी काही बोलली होती का? तिला यायचं नव्हतं का या वेळी?"

खोटं बोलणं सोपं होतं. आईवेगळ्या झालेल्या मुलीला दिलासा द्यायचा, हीच रीत आहे, आणि मी ती इतरांच्या बाबतीत पाळलेली आहे. पण दिलासा दिला असता तर एप्रिलच्या आत मी विमानात असते.

"हो," मी म्हटलं. "नव्हतं यायचं."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"तू तिला तिकीट पाठवलंस. विचारलं नाहीस."

अश्विनी खाली बसली, स्वयंपाकघराच्या फरशीवर, पाय पोटाशी घेऊन. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मी एकटी काय काय करू, आई? तुम्हाला माहीत नाही तिथे काय असतं. दोघांच्या नोकऱ्या, बर्फ, मुलांची आजारपणं..." मला माहीत होतं. तिथे काय असतं हे मला आणि कमलताईंना जितकं माहीत होतं तितकं कोणालाच नाही. फक्त दर वेळी तिच्या प्रश्नाचं उत्तर एक म्हातारी बाई असू शकत नाही, एवढं मला कळत होतं. मी तिला चहा दिला. तिने घेतला. जाताना तिने वाघोलीच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि या वेळी नीट विचारलं, "गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जाल का तुम्ही? जमलं तरच." त्याला मी हो म्हटलं. मंदारचा फोन त्यानंतर आलेला नाही. बहुधा चौकोन नव्याने रंगवत असेल.

तेव्हापासून मी बस पकडून वाघोलीला जाते. मला कमलताईंची आठवण येते. रोज येते, आणि ती कोणाला सांगावी असं माणूस म्हणजे नेमक्या त्याच. विहिणीसाठी सुतक किती धरायचं याबद्दल आमच्या जाऊबाईंकडे उत्तर आहे, पण ते मी विचारलं नाही. कुंड्यांना पाणी घालून झालं की मी त्यांची सतरंजी काढते आणि टाकीच्या सावलीत बसते, कारण आता मार्च आहे, ऊन भाजतं. हिवाळा होऊन गेला. हात रिकामे असतात. विणलं नाही तरी चालेल, असं सांगितलेलं आहे.

परवा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई कुरडया वाळत घालत होत्या. दोन गच्च्यांच्या मध्ये हातभर अंतर. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं, मग पदराने तोंड पुसत कठड्याशी आल्या.

"कमलताईंच्या कोन तुमी?"

"विहीण."

"हां, म्हणजे अमेरिकावाल्या! मग त्या कवा यायच्या? मी लई वाट बघतीया."

त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार, आणि कळायचं तरी कसं? दर वर्षी हिवाळ्यात ही गच्ची रिकामीच असायची, तशीच ती याही वर्षी रिकामी होती. त्या गेल्या याची कुठेही खूण नव्हती, कारण त्या असण्याचीच इथे सवय राहिली नव्हती. सांगायला हवं होतं. अश्विनीला मी तोंडावर खरं सांगितलं होतं, ही तर परकी बाई. पण तिच्या हातात कुरडयांच्या चिकाचं पातेलं होतं आणि ती इतक्या मनापासून वाट बघत होती की माझ्या तोंडून निघालं, "आता नाही जायच्या त्या कुठे."

"न्हाई जायच्या? कायमच्याच न्हाई?"

"नाही."

"बरं झालं बया!" त्या बाई एकदम खुलल्या. "किती ती वढाताण या वयात. पोरं बोलवत्यात अन् ही बिचारी पळती. मग आता हितंच ऱ्हायच्या ना?"

मी "हो" म्हटलं.